फुग्यावरच्या टिकल्या

मी मूळची भित्री. विजेला भिते, विहिरीला भिते, कुणी नुसतं "जरा बोलायचं होतं" म्हणालं तरी माझ्या पोटात गोळा येतो. तोंडानं मात्र फटकळ आहे, त्यामुळे हे कुणाला खरं वाटत नाही. भुंकणारं कुत्रं चावत नाही, असं आई माझ्याकडे बघूनच म्हणायची. पण आयुष्यात मी सगळ्यात जास्त घाबरले ती एका वाक्याला: विश्व प्रसरण पावत आहे. शहाण्या माणसाला याचं हसू येईल. येऊ दे.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीची गोष्ट. माझं माहेर कोऱ्हाळे बुद्रुक, सासर बावडा. बारामतीला बी.एस्सी. झाले आणि लग्न होऊन बावड्याला गेले. सासऱ्यांना सगळं गाव आबा म्हणायचं, मीही आबाच म्हणायचे. त्यांच्या वडिलांच्या काळात घरात मेंढरं होती. आबांनी ती विकली, विहीर पाडली आणि द्राक्षाची बाग लावली. घरात आबा, आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई, थोरले दीर, जाऊ आणि आम्ही दोघं. मुलगी झाली. ती चालायला लागली त्याच सुमाराला विहिरीवरची मोटर चालू करताना करंट लागून माझा नवरा गेला. त्याबद्दल मी इथं जास्त लिहिणार नाही.

वर्ष सरल्यावर आबाच म्हणाले, "एवढी शिकलीयास, चुलीम्होरं बसून काय करनार? बीएड कर. पोरगीला आमी बघतो." असं म्हणणारा सासरा मिळणं तेव्हा सोपं नव्हतं, आणि त्यांच्यावर रागावलेली असतानाही मी हे कबूल करत आले आहे. बारामतीत प्रवेश मिळाला, एका मैत्रिणीबरोबर खोली घेतली. मुलगी बावड्याला थोरल्या जावेजवळ राहिली. जावेला मूलबाळ नव्हतं. मी तिला अक्का म्हणायचे, मुलगी तिला मोठी आई म्हणायची.

शनिवारी दुपारी कॉलेज सुटलं की एसटी पकडायची, इंदापूरला बदलायची आणि दिवेलागणीला बावड्यात उतरायचं. सुरुवातीला मुलगी लांबूनच पळत येऊन गळ्यात पडायची. मग ती दारात उभी राहायला लागली. आणि एका शनिवारी मी अंगणात पाय ठेवला तर ती खेळता खेळताच आत वळून ओरडली, "मोठी आई, बारामतीची आई आली." सगळे हसले. मीही हसले. पिशवी घेऊन मी सरळ आत गेले.

आमच्याकडे लहान पोरांची एक थट्टा करतात. आल्यागेल्यानं पोराला मांडीवर घ्यायचं आणि विचारायचं, "कुणाची गं तू?" पोर जिचं नाव घेईल तिनं फुशारून जायचं आणि दुसरीनं रडल्याचं सोंग करायचं. आत्याबाईंनी एकदा सगळ्यांदेखत विचारलं. मुलीनं माझ्याकडे बघितलं, अक्काकडे बघितलं आणि म्हणाली, "मोठ्या आईची." अक्का माझी नजर चुकवून चुलीकडे वळली. रीतीप्रमाणे मी रडल्याचं सोंग करायला हवं होतं. ते मला जमलं नाही, कारण एकदा सुरू झाले असते तर थांबले नसते.

संक्रांत झाली आणि आबांनी मला समोर बसवलं. "जरा बोलायचं हाय," ते म्हणाले.

"तुला उद्या नोकरी लागंल. कुटं लागंल ते सांगता येत न्हाय. बिनबापाची पोरगी घिऊन कुटं कुटं फिरनार? थोरलीला पोर न्हाय. पोरगीला तिचा लळा हाय. पाडव्याला ओटीत घालू. घरातली पोरगी घरातच ऱ्हाईल."

ओटीत घालायचं म्हणजे चार माणसांसमोर आपलं मूल दुसरीच्या पदरात ठेवायचं. त्यानंतर ते तिचं. कागद नाही, सही नाही, आणि म्हणूनच ते मोडता येत नाही.

"तू काय परकी हायेस व्हय? कवाबी ये, बघ, ऱ्हा," आत्याबाई म्हणाल्या. कुणाचा आवाज चढला नव्हता, कुणी मला तोडून बोललं नव्हतं. एवढी फटकळ मी, पण त्या दिवशी माझ्या तोंडून "बघते" एवढंच निघालं.

त्याच आठवड्यात कॉलेजात अंतिम पाठाचे घटक वाटले. बी.एड.ला शेवटी अनोळखी शाळेत, बाहेरून आलेल्या परीक्षकासमोर एक तास शिकवावं लागायचं. त्यात जो घसरला त्याचं वर्ष गेलं. मला सांगवीची शाळा आली, नववीचा वर्ग आणि घटक विश्वाचं प्रसरण. माझ्या खोलीतल्या मैत्रिणीला आम्लं आणि आम्लारी आले. लिटमस कागद बुडवायचा की झालं. मला तिचा फार हेवा वाटला.

संध्याकाळी मी पुस्तक उघडलं. दूरच्या आकाशगंगा एकमेकींपासून लांब जात आहेत. जी जितकी लांब, तितका तिचा वेग जास्त. आणि त्यांना कुणी ढकलत नाही, त्यांच्या मधली जागाच वाढते आहे. इथं मी पुस्तक मिटलं. भांडण झालं, कुणी रुसून निघून गेलं, तर ते मला समजतं. त्याला हाक मारता येते, मागे धावता येतं. पण इथं कुणी निघालेलंच नाही, सगळे आपापल्या जागी आहेत, आणि तरी अंतर वाढतंय. हे तर आमच्या घराचं वर्णन होतं. मी बारामतीत अभ्यास करत होते, मुलगी बावड्यात खेळत होती, कुणी कुणाचं वाईट केलं नव्हतं. आणि पुस्तक म्हणत होतं की एकदा अंतर पडलं की ते पडलेल्या अंतरामुळेच आणखी भराभर वाढतं. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

तरी पाठ तर घ्यायचाच होता. सरावाला मी फुगा आणला, त्यावर शाईच्या पेनानं ठिपके काढले आणि आमच्या मॅडमसमोर फुगवला. मॅडम कडक होत्या. "ठिपके बघा," त्या म्हणाल्या. फुग्याबरोबर माझे ठिपकेही वाटाण्याएवढे झाले होते. "म्हणजे आकाशगंगाही फुगतात, असं शिकवणार का तुम्ही? आणि टाचणात हे मनुके घातलेल्या पावाचं उदाहरण कशाला? सांगवीत कुणी बघितलाय तसला पाव? मुलांच्या घरातलं काहीतरी आणा."

न फुगणारा ठिपका म्हणजे काय, याचा विचार करत मी खोलीवर निघाले आणि वाटेतच मला टिकली सुचली. चिकटवायची टिकली. फुगा ताणला तरी ती आहे तेवढीच राहणार. पण टिकल्या आणायच्या कुणी? मी लावणं सोडलं होतं, म्हणजे मला सोडायला लावलं होतं. बांगड्यांच्या दुकानापर्यंत गेले आणि माघारी आले. दुकानातल्या बाईनं आरसा पुढं करून "लावून बघा की ताई" म्हटलं असतं तर मी काय करणार होते? असल्या साध्या गोष्टींची मला विश्वाइतकीच भीती वाटायची.

हे मी कुणाला सांगितलं असेल, तर अक्काला. रविवारी सकाळी आम्ही बागेत होतो. द्राक्षं उतरवायला आली होती. मधे वेल, अलीकडे मी, पलीकडे अक्का, आणि तिच्या पायाशी माझी मुलगी गळालेले मणी गोळा करत बसलेली. पाठासाठी टिकल्या कशाला लागतात, हे अक्कानं विचारलं. समजावून सांगताना हातात घड होता आणि मला एकदम थंडीच्या सुरुवातीचे दिवस आठवले. तेव्हा याच रांगेत आम्ही दोघींनी एकेक कोवळा घड जीएच्या, म्हणजे घड वाढवायच्या औषधात बुडवला होता. तेव्हा मणी मोहरीएवढे, एकमेकांना चिकटून बसलेले होते. औषधानं देठ लांबले आणि मणी सुटे झाले.

"मणी कुठं चालत गेले का, अक्का?" मी म्हणाले. "मधले देठ वाढले. शेजारच्या मण्यात नखाएवढं अंतर पडलं, पण वरच्या आणि पार खालच्या मण्यात केवढं तरी पडलं, कारण मधे सगळेच देठ वाढले. तसं हे वर चाललंय."

अक्कानं हातातला घड खाली ठेवला. "म्हंजी कुनी कुनाला सोडून जात न्हाय, तरी लांब जातंय?"

"व्हय."

"वंगाळच की," ती म्हणाली आणि पुन्हा कात्री चालवू लागली. पाडव्याचा विषय तिनंही काढला नाही, मीही नाही. मुलगी तिच्या पदराला हात पुसत होती.

परतीच्या एसटीत मी भाकरीचं फडकं सोडलं तर आत टिकल्यांचं पाकीट होतं. अक्काचंच, अर्धं वापरलेलं, मरून रंगाचं. माझ्यासारखीच्या हातात टिकली द्यायची नसते. आत्याबाईंच्या समोर तिला ते देता आलं नसतं, म्हणून तिनं भाकरीत घातलं. मी ते पाकीट हातात धरून बसले आणि इंदापूर कधी आलं ते मला कळलं नाही. जिला माझी मुलगी मिळणार होती, ती माझा पाठ चांगला व्हावा म्हणून जिवाला घोर लावून घेत होती. तिचा राग करायची सोयही मला उरली नव्हती.

पाठाच्या दिवशी सांगवीच्या वर्गात परीक्षक मागच्या बाकावर बसले.  मी फुगा काढला, टिकल्या लावल्या, फुगवत गेले. मुलं पुढं सरकली. "कुठल्याही टिकलीवर जाऊन उभं राहा," मी म्हणाले, "बाकीच्या सगळ्या आपल्यापासून लांब चालल्यात असंच दिसणार. प्रत्येकीला वाटणार, आपण मधोमध आहोत आणि सगळे आपल्यालाच सोडून निघालेत. मधोमध कुणीच नाही." मग मी घडाचं उदाहरण दिलं. वर्गात निम्मी मुलं बागायतदारांची. त्यांचे चेहरे उजळले आणि मला जरा श्वास आला.

तेवढ्यात खिडकीजवळच्या एका मुलीनं हात वर केला. "बाई, पण जीएनं मणीबी फुगतात की."

परीक्षकांनी मान वर केली. मी शाईचे ठिपके टाळले होते आणि तीच चूक द्राक्षातून परत आली होती. फुग्याचं तोंड माझ्या चिमटीत होतं, बोटं घामानं निसटायला लागली. मी आठवत राहिले: अक्का, रांग, भांड्यातलं औषध. "पहिल्यांदा कधी बुडवतात?" मी तिलाच विचारलं.

"फुलायच्या आदी."

"तेव्हा काय होतं?"

"देठ लांबत्यात. मणी मागनं बुडवल्यावर फुगत्यात."

"मी पहिल्या बुडवण्याचं बोलतेय," मी म्हणाले. मुलं हसली. परीक्षकांनी काहीतरी लिहिलं.

ती मुलगी मात्र खाली बसली नाही. "मग बाई, आमचं घरबी ताणतंय का? आमीबी एकमेकापासनं लांब चाललोय?"

याचं उत्तर मी पाठ केलं होतं. तेवढं पाठ करताना मात्र आपण काय पाठ करतोय ते माझ्या ध्यानात आलं नव्हतं. "नाही," मी म्हणाले. "जे एकमेकांना धरून आहे, तिथं हे चालत नाही. सूर्यानं पृथ्वीला धरलंय, पृथ्वीनं चंद्राला आणि आपल्याला. त्या ओढीपुढं प्रसरणाचा काही इलाज नाही. लांब जातात ती इतकी दूर असतात की त्यांची ओढ एकमेकांना धरायला पुरत नाही."

"आनि लांब गेलेलं परत येतंय का?" दुसऱ्या बाकावरून कुणीतरी विचारलं.

"ते अजून नक्की माहीत नाही. ओढ पुरेशी असेल तर एक दिवस सगळं थांबेल आणि परत जवळ येईल, असं काही शास्त्रज्ञांना वाटतं." तास संपल्याची घंटा झाली. परीक्षक माझ्याशी काय बोलले ते मला आजही आठवत नाही. मी फुग्यातली हवा सोडली, तो पिशवीत टाकला आणि सांगवीहून खोलीवर न जाता थेट स्टँडवर आले.

इंदापूरपर्यंत धीर होता. बावड्याच्या गाडीत बसल्यावर तो गेला. आबांसमोर नाही म्हणायचं म्हणजे काय, हे त्या घरात राहिलेल्यालाच कळेल. त्यांनी मला शिकवलं होतं, मला घालवून दिलं नव्हतं, आणि आता मी त्यांच्या थोरल्या सुनेच्या हातातोंडाशी आलेला घास काढून घ्यायला निघाले होते. आणि मुलगी यायला तयार झाली नाही तर? तीच "मोठ्या आईची" म्हणाली तर? गाडीतून मधेच उतरावं असं मला वाटलं.

घरात पाडव्याची तयारी होती. फळीवर नारळ आणि कोरा खण ठेवलेला दिसला. तो पाहून मी चप्पल न काढताच बोलले. "आबा, मी पोरगी ओटीत घालणार नाही. ती माझ्याबरोबर बारामतीला येईल."

 आबा म्हणाले, "तितं तिला बघनार कोन? तू शाळंत जानार."

"ते मी बघेन."

"कशी बघशील?"

"मला माहीत नाही," मी म्हणाले, आणि ते खरं होतं. "पण ती हितं राहिली तर माझी राहणार नाही. मला भ्या वाटतंय, आबा." इतक्या वर्षांत त्या घरात मी भीती वाटते असं पहिल्यांदाच बोलले होते.  आत्याबाई काहीतरी म्हणायला गेल्या, तर आबांनी त्यांना हातानंच थांबवलं आणि पागोटं उचलून ते बागेकडे निघून गेले. ते हो म्हणाले नाहीत, पण नाहीही म्हणाले नाहीत.

अक्का स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी मुलीचे कपडे तिनंच भरले, पाडव्याला घालायचा नवा झगाही घड्या घालून वर ठेवला. मी "अक्का" म्हणाले तर ती म्हणाली, "गाडी चुकंल."

स्टँडवर मुलीनं अक्काचा पदर मुठीत धरला होता. अक्कानंच तिचं एकेक बोट सोडवलं आणि तिला माझ्याकडे दिलं. मुलगी किंचाळायला लागली. मी तिला घट्ट धरून पायरी चढले आणि खिडकीशी बसले. अक्का खिडकीखाली आली. "त्या तुज्या पाठात," ती म्हणाली, "लांब गेलेलं माघारी येतंय का गं?"

वर्गात मी याला नक्की माहीत नाही म्हणाले होते. "येतं," मी म्हणाले.

गाडी सुटली. मुलगी काचेवर हात आपटत होती. इतके महिने मला वाटत होतं की मला सोडून सगळे लांब चाललेत. अक्का तिथं उभी होती, हाताची घडी घालून, आणि तिच्या जागेवरून बघितलं तर लांब चाललो होतो ते आम्ही. तेव्हा मला कसलाही आनंद झाला नाही, नुसती भीती वाटत राहिली.

पुढं बारामतीतच एका शाळेत नोकरी लागली. घरमालकीण मुलीला सांभाळायची, मग ती शाळेत जायला लागली. दर पाडव्याला आम्ही बावड्याला जायचो, कारण मी अक्काला "येतं" म्हणाले होते. दशक संपत आलं तेव्हा एकदा शिक्षकांच्या खोलीत पेपर चाळताना एक बातमी दिसली. विश्वाच्या प्रसरणाचा वेग कमी होत नाही, उलट वाढतोच आहे, असं शास्त्रज्ञांना आढळलंय. म्हणजे लांब गेलेलं माघारी येण्याची आशा फारशी नाही. शेजारचे सर क्रिकेटचा स्कोअर वाचून दाखवत होते. मी पेपर घडी करून ठेवला आणि शनिवारी, पाडवा लांब असतानाही, मुलीला घेऊन बावड्याची गाडी पकडली.

अक्का बागेतून येत होती. केस पिकले होते. तिनं मुलीला बघितलं, जवळ घेतलं, चेहऱ्यावरून हात फिरवला आणि जुन्या सवयीनं विचारलं, "कुणाची गं तू?"

 विचारल्यावर अक्कानं माझी नजर चुकवली. मुलगी आता मोठी होती, असल्या थट्टा तिला कळायच्या आणि कंटाळवाण्याही वाटायच्या. तिनं माझ्याकडे बघितलं नाही, अक्काकडेही नाही. अंगावरचा हात हळूच सोडवून घेत ती म्हणाली, "मी बारामतीची."

आम्ही दोघी रीतीप्रमाणे रडल्याचं सोंग करायला गेलो आणि मधेच थांबलो.